निम्म्या लोडवरचे आम्ही

कंट्रोल रूमच्या लॉगबुकात फक्त आकडे लिहायचे असतात. त्यामुळे बाकी सगळं चहाच्या किटलीपाशी साठत जातं. आमच्या नाशिकच्या कारखान्यात गेल्या वर्षी इतकं साठलं, की किटली छोटी पडली!

झालं असं, की ऑर्डरी घटल्या, निम्मी मशिनं बंद पडली आणि कारखान्याला वीज देणारा आमचा गॅस टर्बाइन निम्म्या लोडवर आला. वीज निम्मी बनवायचा, गॅस मात्र पोटभर खायचा. आमचे हेड देवरेसाहेब, सगळ्यांत जुने ऑपरेटर येवल्याचे शकीलभाई आणि मी, आम्ही तिघं त्याचे पालक.

*

मुंबईहून डायरेक्टर आले. पहिलाच प्रश्न, "लोड निम्मा, मग गॅस निम्मा का नाही?"

देवरेसाहेब ग्राफ शोधायला लागले. तेवढ्यात शकीलभाई म्हणाले, "साहेब, एस.टी. अर्धी रिकामी धावली, तर डिझेल अर्धंच लागतं का?"

आम्हाला वाटलं, पटलं!

डायरेक्टर शांतपणे म्हणाले, "मी कधी एस.टी.त बसलो नाही."

आणि जाताना सांगून गेले, "तीन महिन्यांत सुधारा. नाहीतर मशीन बंद. वीज बाहेरून घेऊ."

म्हणजे आम्हीही बंद. त्या दिवशी देवरेसाहेबांनी डबा उघडलाच नाही.

*

सुरुवात हवेच्या फिल्टरपासून केली. तो गच्च झाला होता. उघडला तर आत कांद्याची टरफलं! कारखान्याला लागूनच कांद्याच्या दोन शेड. त्यातल्या जवळच्या शेडचे व्यापारी मूळचे लासलगावचे. त्यांना बोलावलं. त्यांनी एक टरफल उचललं, उजेडात धरलं, चोळून पाहिलं.

"मॅडम, हा लाल कांदा हाय. माझ्याकडं सगळा उन्हाळी. माझा नाय हा!"

आणि पलीकडच्या शेडकडे बोट दाखवून निघून गेले. आम्ही मुकाट्याने फिल्टरपुढे जाळी बसवली.

*

मग आतली सफाई. आत आलेली हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसलेला थर धुवायला खास साबण लागतो. मी मागणी पाठवली. परचेसमधून फोन आला, "मॅडम, लिंबाच्या वासाचा चालेल का? त्यावर बादली फ्री आहे!"

*

खरी गोम मात्र वेगळीच निघाली. टर्बाइनच्या तोंडाशी उघडमीट होणारी पाती असतात. लोड उतरला की ती मिटून हवा कमी आत घ्यायची, नाहीतर फुकटची हवा दाबण्यातच ताकद जाते. पुण्याचा कन्सल्टंट दोन दिवस लॅपटॉप घेऊन बसला. स्क्रीनवर पाती अगदी शहाण्यासारखी मिटत होती. गॅस काही उतरेना.

तिसऱ्या दिवशी शकीलभाई टर्बाइनपाशी जाऊन डोळे मिटून उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "स्क्रीनवर आकडा बदलतोय, पण आवाज बदलत नाय. पाती हलतच नाहीत. आमचे वडील पैठणीच्या मागावर बसायचे. कुठं बिघडलं ते आवाजावरून सांगायचे."

मशीन थांबवून उघडलं. पाती फिरवणारी पिन झिजून सैल झालेली! मी शकीलभाईंचा हातच हातात घेतला. ते लाजले.

कन्सल्टंटने रिपोर्टात लिहिलं, 'अकूस्टिक अनॅलिसिसने दोष सापडला.'

शकीलभाईंनी वाचून मला विचारलं, "मॅडम, हे अकूस्टिकचं मशीन केवढ्याला येतं? आपण पण घेऊ की एखादं!"

*

पिन बदलली. तीन महिने भरले आणि डायरेक्टर पुन्हा आले. भर दुपारी, निम्म्या लोडवर चाचणी. पाती मिटली, आवाज खाली उतरला आणि त्यामागोमाग गॅसचा आकडाही उतरला. टर्बाइनच्या गरम धुरावर चालणाऱ्या बॉयलरची वाफ मात्र तशीच कडक. देवरेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

डायरेक्टरांनी कागदावर सही केली. "मशीन चालू राहील."

आम्ही टाळ्या वाजवल्या. शकीलभाई तर खुर्चीत बसूनच राहिले. हा टर्बाइन पहिल्यांदा सुरू केला तोही त्यांनीच.

मग पेढे आले. डायरेक्टर एकदम खुशीत. "देवरे, अजून एक गुड न्यूज. पुढच्या महिन्यात सगळ्या छपरांवर सोलर बसतंय. दिवसा उन्हात टर्बाइनचा लोड निम्म्यावरून पाव भागावर येईल. पण आता तुमची टीम तयार आहे. तेही जमवालच!"

देवरेसाहेबांचा पेढा हातातच राहिला. मी जमिनीकडे बघत होते.

शकीलभाई उठले, खिडकीपाशी गेले, वर आभाळाकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे विचारलं,

"साहेब, यंदा पाऊस कसा सांगितलाय?"