वाळूच्या रंगाचं कुंपण

शारजापलीकडच्या हमरियातल्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये रखडत घरी आले की मी विचारायचे, "बाबा, आज काय केलंत?" उत्तर ठरलेलं असायचं. "तिकीट कधीचं काढतेस?"

आई गेल्यावर मी बाबांना गुहागरजवळच्या आमच्या घरातून दुबईत आणलं होतं. तिथे त्यांना एकटं ठेवायला जीव होत नव्हता, आणि रोज फोनवर त्यांच्या खोकल्याचा अंदाज घ्यायचा मला वीट आला होता. खरं सांगते, मी दमले होते. नोकरी, मुलगी, आणि त्यावर हे तिकीट.

मग समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक रशियन आजी आपल्या मुलीकडे राहायला आली. फ्लॅटपुढे टीचभर अंगण. थंडी सुरू होताच तिने कुठून तरी जुन्या फळ्या मिळवून कुंपण ठोकलं, फळ्यांची टोकं करवतीने गोल केली. मग रंग काढले. निळ्यात पिवळा, कडेला हिरवा. किचनच्या खिडकीभोवती गावाहून आणलेली कोरीव चौकट बसवली, क्रोशाच्या लेससारखी नाजूक. तिने बाबांना फोनवर आपलं गाव दाखवलं. प्रत्येक कुंपणाचा रंग निराळा, आणि दारांपेक्षा खिडक्यांचेच लाड जास्त. बर्फ वितळलं की सगळं गाव ब्रश घेऊन बाहेर पडतं आणि जुन्या रंगावरच नवा चढवतं, असं तिच्या मुलीने मला सांगितलं.

बाबांना काही सांगावं लागलं नाही. पाऊस सरला की दरवर्षी काट्याकुट्यांची वई घालायची, हे त्यांनी जन्मभर केलेलं. कुंपण एकदा घातलं की झालं, असं मानणारी माणसं त्यांना आळशीच वाटायची. ते सरळ खाली गेले आणि हात पुढे करून ब्रश मागितला. दोघांमध्ये शब्द दोनच. सुरू करताना 'यल्ला', डबा रिकामा झाला की 'खलास'.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," असं स्वतःलाच चिडवत बाबा सकाळी चपला घालायचे. तिकिटाचं नाव निघेना. दृष्ट लागेल म्हणून मी कुणापाशी बोलले नाही.

मग नोटीस लागली. सिक्युरिटीवाला मलाच गाठून म्हणाला, "मॅडम, बाहर से एक ही कलर अलाउड है, सँड कलर. आपके फादर ने भी पेंट किया है ना, आप समझाओ." मी मॅनेजरकडे गेले, गोड बोलले, चिडले, पुन्हा गोड बोलले. तो म्हणाला, "इन्शाल्ला, देखेंगे." म्हणजे नाही. आणखी भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

शनिवारी आजीने निमूटपणे वाळूचा रंग कालवला. बाबांनीही ब्रश घेतला. मी बाल्कनीतून बघत होते. काम झाल्यावर ती 'खलास' म्हणाली तेव्हा डबा अर्धा भरलेला होता.

बाबा वर आले. टर्पेंटाइनने बोटं पुसत म्हणाले, "आतली बाजू निळीच ठेवलीय तिने. बाहेरून दिसत नाही."

माझ्या जिवात जीव आला. "मग बरंच झालं की!"

"तिचं झालं बरं. ती आत राहते."

माझी मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "आजोबा, जस्ट गो इनसाइड अँड सी इट."

"दुसऱ्याच्या अंगणात रोज किती जायचं, बाळा?" त्यांनी तिच्या केसांवरून मनगट फिरवलं, बोटांना अजून रंग होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपली वई यंदा कुणी घातलीच नाही. तिकीट कधीचं काढतेस?"

एरवी माझी उत्तरं तयार असायची. डॉक्टर, औषधं, एकटेपणा. त्या दिवशी मी फोन घेतला आणि पहिल्यांदाच खरोखरच्या तारखा बघायला लागले. बाबा चष्मा शोधून माझ्या शेजारी येऊन बसले.