रविवारचा ढुम्म

छत्तीस वर्षं कारखान्यात तोफगोळ्यांच्या चाचण्या करून आमच्या ह्यांचा डावा कान पार गेला. मी रांझीच्या घरात घसा फोडून हाका मारते, ऐकू येत नाही. आणि रिटायर झाल्यावर हा माणूस निघाला नर्मदेच्या पोटातलं ऐकायला!

पत्त्यांच्या जोडाएवढा एक स्वस्त कॉम्प्युटर आणला. त्याला आवाज पकडायला खेळण्यातल्या भोंग्याची चकती जोडली. पाणी शिरू नये म्हणून तिच्यावर मेण ओतलं, तेही माझ्या दुधाच्या पातेल्यात वितळवून. ग्वारीघाटच्या तुळशीराम नावाड्यानं ती चकती आपल्या नावेखाली सोडू दिली. कोणी बारूद फोडून मासे मारले, तर मशीननं वेळेसकट टिपायचं, एवढंच काम.

मग एका सोमवारी तुळशीरामच्या नावेभोवती मेलेले मासे तरंगले. मशीन म्हणे, आठवडाभरात एकही स्फोट नाही. म्हणजे विषच! आणि विष टाकणार कोण, तर ज्याची नाव तिथं, तो. घाटावरच्या मंडळींनी त्याची नाव बंद केली.

तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. "दिवाकरभैया, तुमची मशीन खोटं बोलून राहिली."

हे नुसते डब्याची वायर गुंडाळत राहिले. मला असा संताप आला! म्हटलं, "काहून गप्प बसले? त्या डब्याच्या भरवशावर माणसाच्या तोंडचा घास काढता का?"

तेव्हा कुठं ह्यांनी मशीनच्या कार्डात साठलेला आठवडाभराचा सगळा मूळ आवाज लावला. मी शेजारी मेथी निवडत होते. बराच वेळ नुसतं पाणी. मग स्पीकरमधून आलं, ढुम्म.

"हे काय?"

"चाचणी असेल कारखान्याची. घाटापर्यंत रोजच ऐकू येते. असा आवाज आला की सोडून दे, हे मीच मशीनला शिकवलंय."

खरंच होतं ते. आमच्याकडं ढुम्म झालं, फडताळातली भांडी वाजली, तरी कोणी मान वर करत नाही.

"कधीचा आहे?"

"रविवार. सकाळी अकरा दहा."

"अहो, रविवारी कारखाना बंद असतो!"

ह्यांचा हात तिथंच थांबला. म्हणजे तो चाचणीचा नव्हे, बारूदचाच आवाज! आणि त्या रविवारी अकरा वाजता तुळशीराम आमच्याच ओट्यावर पोहे खात होता.

दुसऱ्या दिवशी घाटावर सगळ्यांना तो आवाज ऐकवला. मग हे उभे राहिले. "मशीन खोटं नाही बोलली. ढुम्म ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय माझी. मी तिला तेच शिकवलं. चूक माझी आहे."

मला रडूच आलं. तुळशीरामनं नावेचा दोर सोडला, ह्यांना हात देऊन आत घेतलं.

"बसा, भैया. पण उजवा कान माझ्याकडं करून."