विहिरीवरची मनीषा

“तुम्ही जरा चहाचं बघता का?” मॅडम म्हणाल्या. माईकवरून म्हणाल्या. सगळ्या हॉलने ऐकलं.

रत्नागिरीत मांडवीच्या एका हॉटेलातला हॉल. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. समोर पडदा. पडद्यावर जिल्ह्यातून कामाला म्हणून नेलेल्या मुलींची यादी. संशोधनाला निधी देणारे परदेशी पाहुणे पहिल्या रांगेत. यादीतली निम्मी नावं मी पायपीट करून गोळा केलेली. शेवटच्या रांगेतून उठून मी एवढंच म्हणाले होते, “मॅडम, आमच्या वाडीतल्या मनीषा दोन आहेत. इथे एकच दिसते.”

मॅडम हसल्या. “ती डुप्लिकेट होती. सॉफ्टवेअरने काढून टाकली. तुमच्या वस्त्यांमध्ये सगळ्यांची आडनावं सारखीच, त्यात तुम्ही एकच मुलगी दोनदा लिहिता.” हॉल हसला. मग ते चहाचं वाक्य.

आणि मी गेले. कप मांडले. पाहुण्यांना साखर किती ते विचारलं. लोकांना वाटतं, अपमान झाला की माणूस पेटून उठतो. मी ट्रे उचलला. हे लिहायला आजही जिवावर येतं, पण खोटं कशाला लिहू?

मी बौद्धवाडीतली. बारावी पास. रत्नागिरीतल्या एका लहान संस्थेत कार्यकर्ती होते. संस्था चालवणाऱ्यांना आम्ही दादा म्हणायचो. मुंबईच्या मॅडमनी अभ्यासाचं काम दादांना दिलं आणि दादांनी ते माझ्या गळ्यात घातलं. आरे-वारेपासून आत संगमेश्वरपर्यंत वाड्या पालथ्या घातल्या. एसटी जाईल तिथवर एसटी, पुढे कातळावरून चालत. मुलीला कोणी नेलं, काय काम सांगून नेलं, परत आली का. आयांनी पोलिसांना न सांगितलेलं मला सांगितलं, कारण मी त्यांच्यातलीच होते.

फॉर्म मुंबईहून आलेला. नाव, आडनाव, गाव, वय. वडिलांच्या नावाला जागाच नाही. बाहेरच्या देशात तसं लिहीत नाहीत म्हणे. आमच्या वाडीत तर सगळेच जाधव. दोन मनीषा, दोघी पंधरा वर्षांच्या. आम्ही त्यांना घरावरून ओळखायचो. एक पऱ्यापलीकडची, म्हणजे ओढा ओलांडून जिचं घर ती. दुसरी विहिरीवरची. फॉर्मच्या कडेला मी तसंच पेनाने लिहिलं. कडेचं ते कॉम्प्युटरवर कोणी घेतलं नाही.

पऱ्यापलीकडच्या मनीषाला मुंबईला घरकामाला नेलं होतं, ती आठ महिन्यांनी परत आली. विहिरीवरचीला शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या बाईने नेलं, ती आलीच नाही. हॉलमधल्या पडद्यावर एकच मनीषा उरली होती. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, परत आली.

मी ट्रे घेऊन गप्प फिरले, त्याचे भोग तिच्या आईने भोगले. यादी पोलिसांकडेही गेली होती. तिच्या आईला मी काकी म्हणायचे, ती आंब्याच्या बागेत मजुरी करायची. महिन्यातून एकदा कामाचा खाडा करून पोलीस ठाण्यात चौकशीला जायची. त्या खेपेला हवालदाराने यादीच काढून दाखवली. काकी तडक माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच बसली.

“बाय गो, पोलीस सांगतत, तुजी पोर घरी आली. कागदावर हाय म्हनतत. तूच लिवलंस ना?”

“काकी, मी तसं नाय लिवलं.”

“मंग कोनी लिवलं? माजी पोर आली असती तं मी हितं कशाला आली असती?”

मला माझीच लाज वाटली. ती पाणीसुद्धा न पिता उठून गेली.

मॅडमनी आमच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर ठेवला होता. त्यात यादी बनवणारा तो प्रोग्रॅम, मुंबईत लावला होता तसाच. ओपन सोर्स. हॉलमध्ये पाहुण्यांना त्यांनी कौतुकाने सांगितलं होतं की हा फुकट आहे, कोणीही आत शिरून तो कसा चालतो ते बघावं, हवा तसा बदलावा. त्या कोणीहीमध्ये मी पण येते, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. मी दादांकडून ऑफिसची चावी मागून घेतली. दर रविवारी जाऊन बसायचे. माहितीपुस्तिका इंग्रजीत, शेजारी शब्दकोश, एका पानाला एक रविवार. डोकं ठणकायचं. घरचे म्हणायचे, लग्नाचं वय निघून चाललं आणि हे काय खूळ घेऊन बसलीस.

काही महिन्यांनी ते पान सापडलं. सारख्या नोंदी काढून टाकायचं पान. काय काय जुळलं की दोन नोंदी एकच समजायच्या, ते आपण खुणा करून सांगायचं. नाव, आडनाव, गाव, वय, चारही चौकटींत खूण होती. खाली आणखी एक चौकट होती, काढण्याआधी मला विचार. ती रिकामी. तिथे खूण असती तर प्रोग्रॅमने दोन्ही मनीषा शेजारी शेजारी मांडून विचारलं असतं. म्हणजे सॉफ्टवेअरने काढली हे खोटं. माणसाने काढली, आणि कोणाला विचारायचं नाही असं ठरवून काढली. इतके दिवस मला वाटायचं, मशीनपुढे आपली अक्कल ती काय. मशीन तर विचारायला तयार होतं. मी त्या खुर्चीत बसून रडले, मग तोंड धुऊन घरी गेले.

पुढच्या टप्प्याचा निधी मिळवायला मॅडम पुन्हा रत्नागिरीला आल्या. माहिती गावात जाऊन पडताळली आहे, अशा कागदावर कार्यकर्तीची सही हवी होती. मी कॉम्प्युटर लावून त्यांना ते पान दाखवलं.

“हा तांत्रिक मुद्दा आहे,” त्या म्हणाल्या. “अहवाल छापून झालाय. एका नोंदीने निष्कर्ष बदलत नाही.”

“निष्कर्ष राहू दे. पोलिसांना पत्र द्या, ती मुलगी परत आलेली नाही म्हणून.”

“म्हणजे सगळ्याच डेटावर शंका घेतील. निधी थांबेल. बाकीच्या मुलींचं काय, याचा विचार केलात?”

केला होता. रात्रंदिवस तोच करत होते.

दादा मध्ये पडले. “सही करून टाक गो. एका नावावरनं कशाला एवढं ताणतेस?”

“दादा, आधी विहिरीवर चला. काकीला तुमच्या तोंडाने सांगा, तुझी पोर यादीतून गेली ती जाऊ दे. मग करते सही.”

दादा खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमचा आवाज चढला. “आम्ही तुम्हाला इथवर आणलं!”

“इथवर मी चालत आले, मॅडम. सही मिळणार नाही.”

माझ्या वह्या पिशवीत भरल्या आणि बाहेर पडले.

नोकरी गेली. निधी आला, दुसऱ्या कोणाच्या तरी सहीने. पोलीस ठाण्यात काकीबरोबर मी गेले. वडिलांचं नाव, घर, नेणाऱ्या बाईचं नाव, सगळं घालून नवा अर्ज लिहिला. तीन हेलपाट्यांनंतर तो घेतला. मनीषा सापडलेली नाही. तिला नेणारी बाई मोकळीच आहे, बाजारात भेटते, बरी आहेस ना विचारते.

वाड्यांतल्या मुलींची यादी आता मी स्वतःच ठेवते, तोच फुकटचा प्रोग्रॅम एका जुन्या कॉम्प्युटरवर चालवून. वडील, वाडी, घर हे रकाने मी घातलेत. कुठलीही यादी बाहेर जाण्याआधी वाडीत मोठ्याने वाचते. आयांनी हो म्हटल्याशिवाय कागद हलत नाही. अभ्यास करणारे अजून येतात. डेटा द्या, आभारात तुमचं नाव घालू म्हणतात. त्यांना नाही म्हणून म्हणून तोंड दुखतं. मी फार दमलेय.

काकीही दमली. परवा म्हणाली, “पूस गो आता तिचं नाव. किती दिस ठेवशील?”

नाही पुसणार. मॅडम येवोत, पोलीस येवोत, खुद्द काकीने पाया पडून सांगितलं तरी नाही. पोर कुठे आहे ते कळेपर्यंत तिच्या नावापुढे मी कोणाला एक अक्षर लिहू देणार नाही.