किल्लीमामाच्या दारावरचं कुलूप

किल्लीमामानं कुलपाला कान लावून जरा गोंजारलं की कुलूप मांजरासारखं पोट वर करायचं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान, आणि पडदा सारला की मागे घर. पुढे मामा कानस घासायचा, मागे मामी भांडी घासायची, आणि मधल्या पडद्यातून दोघं दिवसभर भांडायची. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आता डोकी फुटणार. जुनी गिऱ्हाइकं बाकावर ऐसपैस बसून ऐकायची.

एकदा दोघं मेव्हण्याकडे राहून परत आली, तर दाराला भलंमोठं पितळी कुलूप. म्हातारा घरमालक वारला होता आणि पोराला जागा विकायची घाई झाली होती. भाडं वेळच्या वेळी घेऊन वर 'जागा खाली करा' म्हणून तो गुरगुरायचा.

मामानं कुलूप तळहातावर तोललं. "भामट्यानं हे माझ्याकडूनच नेलंय! म्हणे, मामा, चांगलं मजबूत द्या." त्यानं खिशातून तार काढली. "थांब, आत्ता उघडतो."

शेजारची इस्त्रीवाली धावत आली. "मामा, हात लावू नका! आधी पोलिसांत जा."

चौकीतला जमादार मान वर न करता म्हणाला, "मालक-भाडेकरूचं भांडण आहे. कोर्टात जा."

मामी टेबलाला चिकटूनच उभी राहिली. "आमचं अंथरूण आत, ह्यांची हत्यारं आत. कुणी उचलून नेली असती तर चोरी म्हणाला असता ना? मग कोंडून ठेवली तर काय म्हणता? लिहा की, हात दुखतो का?"

जमादारानं मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "लिहा साहेब. ही हलणार नाही." जमादारानं तक्रार लिहून घेतली आणि शिक्का मारून प्रतही दिली.

कोर्टाच्या आवारात फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई बसायची. ती म्हणाली, "कोर्टाच्या हुकुमाशिवाय तुम्हाला बाहेर काढायचा हक्क मालकालाही नाही. आपण अर्ज करू. पण मामा, कुलूप उघडू नका. तो म्हणेल, ह्यांनी जागा कधीच सोडली होती, आता चोरून घुसले. आणि तुमचा धंदा असा."

"म्हणजे मी चोर?"

"तो तसंच म्हणणार. म्हणून हात खिशात ठेवा."

मुक्काम पुन्हा मेव्हण्याकडे पडला. मामी आतल्या खोलीत भावजयीजवळ, मामा बाहेरच्या खोलीत मेव्हण्याच्या खोकल्याजवळ. माणसं चांगली, पण घर हळू बोलणाऱ्यांचं. मामी जेवताना "अहो, अजून वाढू का?" असं मऊ आवाजात विचारायची, आणि मामा अर्धपोटीच ताटावरून उठायचा. आपल्या घरी ती "गिळा आता" म्हणत ताट आदळायची. त्या आदळण्यासाठी त्याचा जीव कासावीस व्हायचा.

दुपारी दोघं चालत आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. दाराच्या फळ्यांमध्ये एक फट होती. मामा डोळा लावून बघायचा. कानस होती तशी पडलेली, पक्कड तोंड उघडून वाट बघत असलेली.

"सरका, मला बघू द्या," मामी म्हणायची. ती बराच वेळ बघायची. तिला तिथून दिसायचा फक्त पडदा.

तारखा पडत गेल्या. एका दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मामाचा हात आपसूक खिशात गेला. तार कुलपात शिरली, आतली एक पट्टी उचलली गेली. त्यानं मामीकडे पाहिलं. ती रस्त्याकडे पाठ करून, पदर पसरून आडोसा धरून उभी राहिली.

आणि मामानं तार बाहेर काढली.

"काय झालं? गंजलंय?"

"लोण्यासारखं आहे गं." तो पायरीवर बसला. "पण चोरून शिरल्यावर त्या घरात मोठ्यानं भांडता येईल का आपल्याला?"

मामीनं पदर खांद्यावर घेतला. "मग उठा. चला भावाकडे गोड बोलायला."

शेवटी हुकूम आला. मुख्य दावा चालू राहणार होता, पण निकाल लागेपर्यंत जागेचा ताबा मामाचाच. कोर्टाचा माणूस आला, जमादार आला, मागून मान खाली घालून मालक आला. त्यानं किल्ली घातली, तर इतक्या दिवसांच्या धुळीनं ती फिरेना. सगळ्यांदेखत त्याला घाम फुटला.

"मामा, जरा तुम्ही..."

"तू लावलंस, तूच काढ."

बरीच झटापट झाल्यावर दार उघडलं. आत धूळ, कोंदट वास, अंथरुणात उंदरानं केलेलं घर. माणसं पांगल्यावर मामीनं झाडलोट केली. मामा आपल्या जागेवर बसून कानस घासू लागला, कान मात्र पडद्याकडे.

बऱ्याच वेळानं आवाज आला. मऊ, मेव्हण्याच्या घरातला. "अहो, चहा ठेवू का?"

मामाची कानस थांबली.

"ठेव," तो ओरडला, "पण साखर बेतानं! तुझा हात म्हणजे फुटकी गोणी!"

पडद्यामागे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, तोही हळूच. मामा कानस हातात धरून उत्तराची वाट बघत राहिला.