तुर्काचा फेटा

एग्मोर स्टेशनवर मांबलमच्या लोकलची वाट बघताना ते म्हातारे गृहस्थ मला रोज बाकावर दिसत. उजव्या हातात सुती हातमोजा आणि त्यात मीरशॉमचा, म्हणजे पांढऱ्या मऊ दगडाचा, जुना पाइप. त्यावर तुर्काचं डोकं कोरलेलं. वर्षानुवर्षांच्या धुरानं त्या तुर्काची दाढी मधासारखी पिवळी झालेली, फेटा मात्र अजून पांढराच. सगळीकडे सारखा रंग धरलेल्या पाइपावर शौकीन जीव टाकतात म्हणे. पण डॉक्टरांनी म्हाताऱ्यांची तंबाखू बंद केली होती, म्हणून फेट्यालाही रंग चढावा यासाठी ते पाइप ओढायला दुसऱ्यांना देत.

"सार, ओढता का?" एकदा त्यांनी मला विचारलं.

होमाच्या धुरापलीकडे कसलाही धूर न घेतलेला मी ऐटीत म्हणालो, "रोजचंच आहे."

त्यांनी आपला मोजा माझ्या हातात चढवला. "दगड गरम असताना उघडं बोट लावू नका. डाग जात नाही."

ते माझ्याकडे नव्हे, फेट्याकडे श्वास रोखून बघत होते. मी पाइप तोंडात धरून जोरात ओढला. तिसऱ्या झुरक्याला असा ठसका लागला की पाइप सुटलाच, आणि मी तो झेलला डाव्या, उघड्या हातानं. फेट्यावर माझा अंगठा उमटला.

माझी लोकल आली आणि गेली. म्हातारे कितीतरी वेळ त्या डागावरून मोजा फिरवत होते.

"सार," शेवटी ते हळूच म्हणाले, "खोटं बोलायचंच होतं, तर 'सोडली' म्हणायचं. तुम्ही, मी आणि हा तुर्क, तिघंही वाचलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी खांबाआडून पाहिलं. बाकावर नवा माणूस होता, आणि म्हातारे त्याला आधी स्वतःची विडी ओढून दाखवायला सांगत होते.