धुळ्याहून आणलेला माउथपीस

धरणगावच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं आणि गावात ओळखीचं एकही माणूस नव्हतं. घर सावद्याकडे. वडील केळीच्या बागांमध्ये घड कापायला जायचे, आईला धाकट्या भावंडांना सोडून येता येत नव्हतं. खोली शोधत फिरले तेव्हा बहुतेक ठिकाणी आधी आडनाव विचारलं जायचं, आणि ते सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी एका म्हाताऱ्या अक्कांनी दिली. त्यांची एक म्हैस होती, मुलगा सुरतेला होता, आणि माझ्या आडनावापेक्षा मी रात्री दिवा किती वेळ जाळते याची त्यांना जास्त काळजी होती.

त्याच वर्षी कापसाच्या एका व्यापाऱ्याने आईच्या स्मरणार्थ शाळेतल्या मुलींसाठी बँड दिला. मोठा ढोल, साइड ड्रम, झांजा आणि तीन ट्रंपेट. ढोल-ड्रम खेळाच्या बाईंनी घेतले. ट्रंपेटला कुणी हात लावेना. फुंकून ओठ जाड होतात, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं गेलं. मग मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं.

"ट्रंपेट तुम्ही घ्या."

"मला वाजवता येत नाही, बाई."

"मग शिका. तुम्हाला संध्याकाळी घरी काय काम असतं?"

टोमणा नव्हता तो. बाकीच्यांना नवरा होता, मुलं होती, सासू होती. मला खरंच काही काम नसायचं. खरं होतं म्हणूनच लागलं.

ट्रंपेटच्या खोक्यात एक पातळ पुस्तक होतं. ते वाचून मी शिकायला बसले. आधी नुसता माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा पुढचा सुटा तुकडा, घ्यायचा, ओठ मिटायचे आणि फुंकर मारून ते थरथरवायचे. दार लावून मी तेच करत बसायचे. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी अक्का दारात उभ्या.

"काय वं माय, हाई काय लायेल शे? बठ्ठी गल्ली इचारी राहिनी, मास्तरीनबाईना घरमा म्हैसनं पारडू आनं का काय!"

मी हसले. त्या गावात मोठ्याने हसल्याचं मला आठवतं ते हेच पहिलं. त्यानंतर मी सरावाला गावाबाहेर, जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत जाऊ लागले. तिथे कापसाचा बारीक तूस उडायचा, तो ओठांना चिकटायचा, पण ऐकायला कुणी नसायचं.

दिवाळीची सुट्टी, मग परीक्षा, मग उन्हाळा. असं करत मला चार-सहा सूर नीट लागू लागले. जूनमध्ये सहा मुली निवडल्या. मी आधी वाजवून दाखवायचे, मग तोच ट्रंपेट पुढच्या मुलीकडे द्यायचे. ती माउथपीस रुमालाने पुसायची आणि वाजवायची. आठवडाभर असं चाललं. मग मुख्याध्यापिकांनी पुन्हा बोलावलं.

"एक पालक येऊन गेले. त्यांचं म्हणणं, बाईंनी आपलं वेगळं आणावं. उष्टं होतं."

"मुली एकमेकींचं वाजवतात, त्याचं?"

त्यांनी समोरची फाईल उघडली. "तुम्ही समजून घ्या."

मी समजले. त्याच मुली मधल्या सुट्टीत एकीने चावलेला पेरू दुसरीला देत होत्या.

त्या रविवारी मी धुळ्याची एस.टी. धरली. एरंडोल, पारोळा करत गाडी जात होती आणि माझं डोकं तापलेलं होतं. दुकानातला सगळ्यात चकचकीत, सगळ्यात भारी माउथपीस घ्यायचा, शाळेतल्या तिन्हींपेक्षा उजवा, हे मी पारोळ्याच्या आधीच ठरवून टाकलं.

दुकान आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत होतं. दर्शनी भागात तबले आणि हार्मोनियम, आत बँडच्या वाद्यांची दुरुस्ती. मालकांनी एक पत्र्याचा डबा आणला आणि फडक्यावर उपडा केला. पितळी, निकल चढवलेले, काही अर्धवट घासलेले माउथपीस फडक्यावर घरंगळले. "बघा वाजवून," असं म्हणून त्यांनी पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि भिंतीवरचा एक ट्रंपेट काढून दिला.

मी तशीच उभी राहिले. दुकानात तीन पुरुष होते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ओठ आवळून, गाल ताणून त्यांच्यासमोर फुंकायचं मला होईना.

बाकावर एक जण आपल्या ट्रंपेटचा अडकलेला पिस्टन दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते. चाळिशीचे असतील. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. ते उठले आणि बाक फिरवून गल्लीकडे तोंड करून बसले.

"बाई, मी तिकडं बघतो. तुम्ही वाजवा. हे बघून नाही, ऐकून कळतं."

मालकही समजल्यासारखे आत गेले. तिसरा गिऱ्हाईक होता, तो निघून गेला.

मी सगळ्यात चकचकीत होता तो उचलला. सूर सहज वर चढला, टणटणीत. मला वाटलं, हाच.

"हा लग्नाचा," भाऊ पाठमोरेच म्हणाले. मी त्यांना भाऊ म्हणायचे; दुसरं काय म्हणणार? "वाटी उथळ आहे त्याची. गर्दीत वरचा सूर काढायला बरा. पण ओठ लवकर मारतो. तुम्हाला कुठं वाजवायचं?"

"मुलींसोबत. चालताना."

"मग दुसरा बघा. काठ रुंद असलेला. चालताना प्रत्येक पाऊल इथं लागतं." मान जराशी वळवून त्यांनी स्वतःच्या दातांवर बोट वाजवलं.

मी एकेक लावून बघत गेले. ते ऐकत होते. "हा नको, यात तुमचा श्वास वाया जातो." "हा थंड आहे, गरम होऊ द्या, मग वाजवा." "मघाचा तो परत लावा." कुणी माझं इतकं लक्ष देऊन ऐकल्याला किती दिवस झाले होते, कोण जाणे. शाळेत मी बोलायचे आणि मुली लिहून घ्यायच्या, त्याला ऐकणं म्हणत नाहीत.

शेवटी दोन उरले. भाऊंनी मला गल्लीत चालून वाजवायला लावलं. रविवारची दुपार, दुकानं निम्मी बंद. मी पदर खोचला आणि डावं-उजवं करत रॉकेलच्या दुकानापर्यंत गेले, तिथून परत आले. एका गॅलरीतून दोन बायका बघू लागल्या. पहिल्या माउथपीसने तिसऱ्याच पावलाला दाताला झणका बसला. दुसरा ओठांवर टेकून राहिला. दिसायला तो मळकट होता, निकल एका बाजूने पिवळं पडलेलं. सूर मात्र भरलेला यायचा, मोठा नाही, पण माझा मला आवडावा असा.

"हाच घ्या," भाऊ म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "शाळेत तीन ट्रंपेट आहेत म्हणता, त्यांचे माउथपीस असतीलच. मग हा कशाला?"

"माझा वेगळा हवा म्हणाले."

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला आपला माउथपीस काढून दाखवला. "मी माझा सख्ख्या भावाला देत नाही. वाजवणाऱ्याचा वेगळाच असतो, बाई."

त्यांना काय समजलं होतं आणि काय नाही, मी विचारलं नाही. परतीच्या गाडीत मी तो मुठीत धरून बसले होते, आणि एरंडोल येईपर्यंत डोकं शांत झालं होतं.

पावसाळ्यात लग्नं नसतात. भाऊ आणि त्यांचे साथीदार दुपारी दुकानाच्या बाकावर बसलेले असायचे. सुट्टीच्या दिवशी मी धुळ्याला जाऊ लागले. अक्कांना सांगायचे, मैत्रिणीकडे जाते. भाऊ मला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवायचे, मी ते परत येऊन मुलींना शिकवायचे. बोलणं तेवढंच. त्यांची बायको गेलेली होती आणि मुलगी आजोळी होती, हे मला मालकांकडून कळलं. मी सावद्याची, एवढंच त्यांना माहीत होतं. "तिकडं केळीच्या वेळेला लगीनघाई असते, आम्ही येतो वाजवायला," ते म्हणाले होते. एकदा चहा आला तेव्हा त्यांनी आपल्या कपातला माझ्या बशीत ओतून दिला. मी तो प्याले आणि संपूर्ण रस्ताभर त्या चहाचा विचार करत आले. यापेक्षा जास्त काही घडलं नाही.

तुळशीची लग्नं लागली आणि सिझन सुरू झाला. मी गेले तर बाक रिकामा. "चोपड्याला गेले," मालक म्हणाले. पुढच्या खेपेला ते शिरपूरला होते. तिसऱ्यांदा मी दुकानापर्यंत गेले आणि आत न जाता स्टँडवर परत आले. गाडीला वेळ होता. मी शेंगदाणे घेतले आणि इंदूरकडच्या गाड्या लागताना-सुटताना बघत बसले.

सव्वीस जानेवारीला मुलींनी सुंदर वाजवलं. मी त्यांच्या बाजूने वाजवत चालले होते. मैदानाला फेरी मारून आम्ही झेंड्यासमोर थांबलो तेव्हा टाळ्या पडल्या, मुख्याध्यापिकांनी माझा हात हातात घेतला. मग मुलींना आईवडील घेऊन गेले, शिक्षक घरी गेले. अक्का सुरतेला मुलाकडे होत्या. मी खोली उघडली, सकाळची भाकरी खाल्ली. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. आईला पोस्टकार्ड लिहायला घेतलं, पण ट्रंपेट म्हणजे काय हे तिला कसं लिहावं ते सुचेना.

फाल्गुनात एका संध्याकाळी आमच्या गल्लीवरून वरात निघाली. मी वह्या तपासत होते. लांबून ट्रंपेटचा सूर आला आणि मी पेन खाली ठेवलं. मी बाहेर येऊन शिंप्याच्या दुकानापाशी उभी राहिले. लाल कोट, डोक्यावर तुरा, भाऊच होते. त्यांनी मला पाहिलं. तोंडाला ट्रंपेट होता, बोलता येणार नव्हतं. गाणं संपेपर्यंत पोरं नाचली. मग वरात थांबली, नवरदेवाला कुणीतरी सरबत दिलं, आणि भाऊ ओठ पुसत माझ्याजवळ आले.

"तोच आहे का अजून?"

"तोच."

"ओठ बघू."

मी मान वर केली. दिव्यांच्या उजेडात त्यांनी माझ्या ओठांवरचा गोल वण क्षणभर पाहिला.

"बरोबर बसला," ते म्हणाले. तेवढ्यात बँडच्या म्होरक्याने शिट्टी मारली आणि ते धावत आपल्या रांगेत गेले.

वरात कोपऱ्यावरून वळली. पाठोपाठ जनरेटरची हातगाडी गेली आणि गल्लीत एकदम अंधार झाला. अक्कांनी ओट्यावरून विचारलं, "कोणी ओळखना व्हता का?"

"बँडवाले," मी म्हणाले.

"मंग चहा पाजती ना वं, वाजाडी वाजाडी थकस माणूस."

मला ते सुचलंच नव्हतं. त्या उन्हाळ्यानंतर माझी बदली जळगावला झाली. तिथल्या शाळेत बँड नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी मला भूगोलाचे तास दिले आणि खिडकीजवळची खुर्ची दिली, तिथून लेवा बोर्डिंगच्या बाजूची निंबाची झाडं दिसायची. मधल्या सुट्टीत मी डबा उघडून त्या झाडांकडे बघत जेवायचे.