बंबाची ड्रायव्हर

जाहिरात मला कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं मोबाइलवर पाठवली होती. विमानतळावरच्या अग्निशमन दलात भरती होती आणि मुलींनाही अर्ज करता येणार होता. वय बसत होतं, उंची जेमतेम बसत होती, वारणानगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली होती. एक अट मात्र आडवी आली. जड वाहन चालवायचा परवाना हवा होता. माझ्याकडं होता तो साध्या चारचाकीचा.

मी कोल्हापुरातल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले. टेबलामागच्या माणसानं अदबीनं बसवलं, पाणी दिलं आणि शिकणार कोण, भाऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, मीच. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. ट्रक शिकायला आजवर बाईमाणूस आलं नव्हतं, शिकवणाऱ्याला विचारून कळवतो, म्हणाला. पंधरा दिवस वाट बघितली. फोन आला नाही.

खरं तर शिकवणारा आमच्या घरातच होता. माझे वडील, आप्पा, पंचवीसेक वर्षं दुधाचा टँकर चालवत होते. गावोगावचं दूध गोळा करून आणायचं आणि आठवड्यातून दोनदा घाट उतरून मुंबईकडं जायचं. पण मी विषय काढला की ते ताटावरून उठायचे. महिनाभर असंच चाललं. मला वाटायचं, पोरगी ट्रक चालवणार म्हटल्यावर गाव काय म्हणेल, याची त्यांना धास्ती असेल. मीही मग घुश्शात बोलायचं सोडलं.

शेवटी आईनंच त्यांना गाठलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, पोरगी दुसऱ्याच्या दारात गेली आणि परत आली, तुमचं हात काय गहाण पडल्यात? या खेपेला आप्पा ताटावरून उठले नाहीत. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ज्या शिटावर बसून माझी कंबर गेली, त्या शिटावर तुला बसवू व्हय? तुला शिकवली ती फॅनखाली खुर्चीत बसायला."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांना माझी लाज वाटत नव्हती. त्यांना वाटत होती ती स्वतःच्या कामाची. रात्र-रात्र गाडी चालवून आलेला हा माणूस सकाळी मला शाळेत सोडायचा, तेव्हा टँकर कोपऱ्यावरच का थांबवायचा, तेही मग उमगलं. त्या रविवारी पहाटे त्यांनीच मला हलवून उठवलं. बूट घाल, म्हणाले, चप्पल नको.

त्यांच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराचा पाण्याचा जुना टँकर होता. हंगाम संपला की साखर कारखान्याजवळ उसाच्या गाड्या थांबायचं मैदान मोकळं पडतं, तिथं आम्ही जायचो. पहिल्या दिवशी माझा पाय क्लचपर्यंत नीट पोचेना. आप्पांनी घरून गोधडी आणून पाठीमागं कोंबली. टाकी त्यांनी मुद्दाम अर्धीच भरून आणली होती. मी वीसेक मीटर गेले आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली, आणि लगेच मागून कुणीतरी ढकलल्यासारखी पुन्हा पुढं सरकली.

आप्पा शांतपणे म्हणाले, "म्हागं पाणी हाय. तू थांबलीस म्हणून ते थांबत न्हाय. त्याला आधी सांगायचं, मग थांबायचं."

पुढचे दोन महिने मी पाण्याला आधी सांगायला शिकले. वळण यायच्या आत वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायचा नाही. भरलेली टाकी बरी, रिकामी त्याहून बरी, अर्धी सगळ्यांत वाईट, कारण तिच्यात पाण्याला पळायला जागा असते. आप्पा शिकवताना ओरडत नसत. गावात, बाजारात त्यांचा आवाज चार घरं ऐकू जायचा, पण केबिनमध्ये ते हळू बोलत. मैदानाच्या कडेला बघे जमायला लागले. एकानं विचारलं, "पावणं, पोरगीला टँकर द्यायचा हाय काय आंदण?" आप्पांनी खिडकीची काच वर केली.

परवान्याच्या चाचणीत मी पहिल्यांदा नापास झाले. रिव्हर्स घेताना मागचं चाक आखलेल्या पट्ट्यावर गेलं. दुसऱ्या खेपेला पास झाले. अर्ज केला, धावणं, वजन उचलणं, शिडी चढणं झालं आणि निवड झाली. प्रशिक्षण परराज्यात होतं. बूट पुरुषांच्या मापाचे होते, मी आत दोन-दोन मोजे घालायची. जाड कोट अंगात गेला की खांदे कुठं आणि मी कुठं. माझ्यासोबत आजऱ्याची एक मुलगी होती. तिची आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. धुराच्या खोलीतून माणसाएवढी साठ किलोची बाहुली ओढत बाहेर काढायची होती, त्या दिवशी ती माझ्याआधी बाहेर आली आणि परत आत येऊन तिनं माझ्या बाहुलीचा पाय धरला. शिक्षकांनी दोघींनाही पुन्हा करायला लावलं. ते बरोबरच होतं.

पहिली नेमणूक दूरच्या एका विमानतळावर मिळाली. तिथं वर्षभर मी फोनजवळ बसले. येणाऱ्या सूचना लिहायच्या, घंटा वाजवायची आणि बाकीच्यांना बंब घेऊन पळताना बघायचं. अग्निशमन स्टेशनचा प्रमुख भला माणूस होता. माझ्या जेवणाची, सुट्टीची चौकशी करायचा. गाडीवर घ्या म्हटलं की म्हणायचा, तुला काही झालं तर तुझ्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू. त्याच्या काळजीला उत्तर देणं फार अवघड होतं. भांडावं असं तो काही करतच नव्हता.

एका सकाळी सराव होता. सूचना मिळाल्यापासून तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या टोकाला पोचून पाणी मारायचं, असा नियम असतो. एक ड्रायव्हर तापानं फणफणला होता आणि दुसऱ्याला आदल्या दिवशीच रजा मिळाली होती. प्रमुखानं यादी वर-खाली बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी हेल्मेट घेऊन उभीच होते.

आदल्या फेरीत फवारा तपासल्यामुळं टाकी अर्धीच होती. स्टेशनमधून बाहेर पडल्यावर लगेच मोठं वळण लागायचं. तिथं प्रत्येक जण जोरात गाडी काढायचा. मी वळणाआधीच वेग उतरवला. शेजारी बसलेला सहकारी ओरडला, चल की, वेळ जातोय. वळण संपून गाडी सरळ झाली आणि मग मी पाय दाबला. वेळेत पोचलो, पंचवीस सेकंद हातात ठेवून. परत आल्यावर प्रमुखानं विचारलं, एवढ्या मोठ्या गाडीची चाल कुठं शिकलीस? मी म्हटलं, दुधाच्या टँकरवाल्याकडून. दुसऱ्या आठवड्याच्या यादीत ड्रायव्हरच्या रकान्यात माझं नाव होतं. नंतर त्यानं मला एकदा चहा देऊन सांगितलं की वर्ष उगाच घालवलं तुझं. एवढं कबूल करायला तो बांधील नव्हता.

तीन वर्षांनी बदली कोल्हापूरला झाली. आप्पा तोवर निवृत्त झाले होते, कमरेला पट्टा बांधून फिरायचे. एकदा न सांगताच आईला मोटारसायकलवर मागं बसवून आले आणि कुंपणाबाहेर उभे राहिले. सकाळी गाडीची रोजची तपासणी असते, तेव्हा मी बंब बाहेर काढून फेरी मारत होते. हेल्मेटमुळं लांबून ओळखू येणं शक्य नव्हतं. दुपारी त्यांचा फोन आला.

"लाल गाडी तू चालवत हुतीस?"

मी हो म्हटलं.

"वळणाला गिअर उशिरा उतरवलास."

हा बंब आपोआप गिअर बदलतो, असं मी त्यांना सांगितलं नाही. लक्ष ठेवीन म्हटलं.

मागच्या वर्षी उचगावला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत आप्पांच्या शेजारी मुलाकडचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी पलीकडच्या रांगेत होते. मुलगी काय करते, असं त्यांनी विचारलं. आप्पा नेहमी 'विमानतळावर हाय' एवढंच सांगून थांबायचे, पुढचं समोरच्यावर सोडायचे; आताही तेवढंच म्हणाले. गृहस्थ म्हणाले, म्हणजे विमानात चहापाणी देते ती?

आप्पांनी हातातला घास खाली ठेवला. "न्हाय," ते म्हणाले, "डायव्हर हाय." आणि थोडं थांबून, पंगतभर ऐकू जाईल अशा त्यांच्या बाजारातल्या आवाजात, "मीबी डायव्हरच हुतो."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून जेवत राहिले, कारण वर बघितलं असतं तर मला जेवता आलं नसतं. त्या गृहस्थांनी मग घाटातल्या कुठल्याशा वळणाची गोष्ट काढली आणि आप्पा हात वाळेपर्यंत त्यांच्याशी बोलत बसले.